बीरप्पा सरांच्या माळवदावरची माती

सभेला जमलेल्या अण्णांनो, अक्कांनो, लांबून आलेल्या पाहुण्यांनो, आणि मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या पोरापोरींनो,

मी महादेवी. या शाळेत कन्नड शिकवते. गावातल्या निम्म्या माणसांना मी वर्गात कधी ना कधी बाकावर उभं केलंय, त्यांना माझी ओळख नको. पण भालकीहून, उदगीरहून सरांचे जुने विद्यार्थी आलेत, म्हणून सांगितलं. बीरप्पा सर आमच्याकडं भूगोल शिकवायचे. शिक्षकांच्या खोलीत त्यांचं टेबल माझ्या टेबलाला लागून. अजून तसंच आहे. वर पृथ्वीचा गोल आहे, चष्म्याची डबी आहे, बडीशेपेची पुडी आहे. ते आवरायला आमच्यात कुणाचा हात पुढं होत न्हाई.

आज बोलणं अवघड आहे. मुख्याध्यापकांना मी सांगितलं होतं, सर, मला सोडा. शुद्ध मराठीत चार ओळी लिहूनही काढल्या होत्या. त्या घरी ठेवून आले. रोज जशी बोलते तशीच बोलणार आहे, सांभाळून घ्या.

उभी राहिले ती एका कारणानं. शांताअक्का मला म्हणाल्या, बाई, तुम्ही बोला. शांताअक्का म्हणजे सरांच्या घरच्या. त्या इथं पुढं बसल्यात. त्यांच्या शेजारी रेवती, त्यांची लेक, आमच्या दहावीतली. सरांच्या घराची पुढची खोली पडली आणि त्यात सर गेले, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मागच्या दोन खोल्या उभ्या आहेत. आणि या मायलेकी आजही त्याच दोन खोल्यांत झोपायलेत. मी सरांचे गुण गायला आलेली न्हाई. या दोघी त्या छताखालून निघाल्या पाहिजेत, म्हणून आलेय.

आधी एक गोष्ट सरळ करू. गावात एक बोलणं फिरायलंय की सरांनी रेवतीला बाहेर ढकललं आणि स्वतः अडकले. लोक चांगल्या मनानं बोलायलेत. पण तसं झालेलं न्हाई. रेवती मागं न्हाणीत होती. शांताअक्का चुलीपाशी होत्या. किती दिवसांची झड लागली होती, ती त्या सकाळी उघडली होती. ऊन पडलं होतं. सर शाळेला निघायचं म्हणून पुढच्या खोलीत आरशापुढं भांग पाडायले होते. कुणाला वाचवायले न्हवते. भांग पाडायले होते. शांताअक्का म्हणतात, मोठा आवाजसुद्धा झाला न्हाई. कुणीतरी पोतं आणून टाकल्यासारखं झालं, तेवढंच. त्यांनी आतूनच विचारलं, कोण आलंय हो?

मी हे कामून सांगायलेय? कारण आपण त्यांना शूर केलं की आपली सुटका होते. शूर माणूस गेला, हार घातला, फोटो लावला, झालं. पण साधा माणूस शाळेला निघताना स्वतःच्या घरात मरतो, तेव्हा विचारावं लागतं, त्याच्या डोक्यावर काय होतं?

पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी लिहून नेलं, नैसर्गिक आपत्ती. त्यांची चूक न्हाई, त्यांच्याकडं तेवढाच रकाना असेल. पण कुण्या पोरानं पेपरात हे लिहिलं असतं तर सरांनी लाल पेनानं गोल मारून बाजूला लिहिलं असतं, 'अर्धवट.' त्यांचा तो लाडका शेरा होता. माझ्या कन्नडच्या फलकलेखनालाही त्यांनी एकदा तो दिला होता. त्यांना स्वतःला कन्नड धड येत न्हवतं, बाजारात भाजीवाल्याशी हातवारे करायचे, पण शेरा द्यायला पुढं.

त्यांच्या हाताखालून गेलेल्या माणसांनो, तो तास आठवतो का? नैसर्गिक आपत्तीचा धडा. पुस्तकात चक्रीवादळ आहे, सुनामी आहे, ज्वालामुखीचं रंगीत चित्र आहे. सर पुस्तक उघडायचे आणि विचारायचे, आपल्या गावात सुनामी येणार का? पोरं म्हणायची, न्हाई सर. ज्वालामुखी? न्हाई सर. मग आपण सुखी का? पोरं एका सुरात, व्हय सर.

मग सर खडू घेऊन फळ्यावर एक घर काढायचे. दोन्ही बाजूला दगड-मातीच्या भिंती. वर आडव्या तुळया. तुळयांवर लाकडाच्या फळ्या. आणि फळ्यांवर माती. मातीच्या रेघा मारत जायचे. ही तुझ्या पणज्यानं टाकली. ही आज्यानं. ही बापानं. ही चुलत्यानं. रेघा फळ्याच्या वरच्या कडेला पोचायच्या. 'आणि ही पुढची रेघ कुणाची रे?' असं विचारत खडू एखाद्या पोरासमोर धरायचे. मग त्या घरात एक माणूस काढायचे. सरांना माणूस काढता यायचा न्हाई, तो वांग्यासारखा दिसायचा. पोरं हसायची. भिंतीपलीकडं माझ्या वर्गात ते हसणं ऐकू यायचं आणि मला राग यायचा, की आपत्तीच्या धड्याला या माणसाच्या वर्गात हसतात कशाला.

पुढं ऊर्जा साधनांचा धडा यायचा. कोळसा, खनिज तेल, पवनऊर्जा, सौरऊर्जा. सर म्हणायचे, पुस्तकात हे दोन धडे लांब लांब आहेत, आपल्या गावात दोन्ही एकाच माळवदावर आहेत. खोटं होतं का ते? मातीच्या वर तुराट्यांच्या पेंढ्या. त्याच्या शेजारी गोवऱ्या. पावसाळ्याचं सरपण वर. घरात गॅस आला, तरी आंघोळीचं पाणी आपलं तुराट्यांवरच तापतं. आणि ज्याची थोडी ऐपत झाली त्यानं त्याच माळवदावर सोलरचं पाणी तापवायचं यंत्र चढवलं, पाण्याच्या टाकीसकट. सर म्हणायचे, 'सूर्य फुकट आहे पोरांनो, त्याची टाकी हलकी न्हाई.'

आणि गृहपाठ काय? तर वडलांबरोबर वर चढा आणि काठी खुपसून बघा, माती किती खोल आहे. झालं. दुसऱ्या दिवशी पालक शाळेत. 'मास्तर, पोरांना आमचं छप्पर भोसकायला लावताय का?' मी हसून हसून बेजार. सर गंभीर. म्हणाले, 'काठी बुडाली का न्हाई, तेवढं सांगा.' पालक म्हणाले, बुडाली. 'मग बसा, चहा घ्या.' एवढंच. भांडण करायचा त्यांचा स्वभावच न्हवता. तो माझा आहे.

शहरातून आलेल्या पाहुण्यांना माहीत नसेल, म्हणून सांगते. माळवदाचं घर उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. त्याला नावं ठेवायचं कारण न्हाई. पण ते गळू नये म्हणून दरसाल मृगाच्या आधी वर माती टाकतात. साधी माती न्हाई, पांढरीची. जिथं जुनं गाव वसलं होतं त्या पांढऱ्या ढिगाऱ्याची. ती पाणी खाली जाऊ देत न्हाई, स्वतः पिऊन बसते. आणि ही माती कुणी एकट्यानं टाकत न्हाई. अख्खी आळी टोपल्या घेऊन येते. आज तुमच्याकडं, उद्या आमच्याकडं. लिंगायत, धनगर, मुसलमान, कुणी मागं राहत न्हाई. घरच्या बाईनं चहा करायचा, चुरमुऱ्यांचा सुशीला करायचा. बापे वर, बाया खाली, पोरं शिडीवर. ज्याच्या घरी टोपली आली न्हाई, त्याचा गावाशी संबंध तुटला असं धरायचं.

आणि आलेल्या टोपलीला नको म्हणायची आपल्यात रीत न्हाई. माती टाकायची रीत आहे. माती काढायची रीत न्हाई. जुनी तशीच ठेवून तिच्यावर नवी. वर्षामागून वर्षं. सगळं इथंच आहे बघा, यात ना भूकंप आहे ना वादळ.

सरांचं म्हणणं तरी काय होतं? पाऊस धोका आहे, आपत्ती आपण करतो. पाऊस आभाळातून येतो, माती टोपलीतून जाते. एक टोपली वर न्यायची असेल तर आधी एक खाली आणा. बस्स. यापेक्षा जास्त त्यांनी कुणाकडं काही मागितलं न्हाई.

त्यांना हे वेड कुठून लागलं, तेही सांगते. ते कॉलेजात होते तेव्हा किल्लारीकडं भूकंप झाला. त्यांची मावशी तिकडं एका गावात दिली होती. ते आणि लक्ष्मणअण्णा, त्यांचे थोरले भाऊ, दोघं गेले होते. सरांनी मला हे एकदाच सांगितलं, पेपर तपासता तपासता, मान वर न करता. म्हणाले, 'बाई, मावशीला दगड लागलेला न्हवता. अंगावर ओरखडासुद्धा न्हवता. तोंडात माती होती.' आणि पुढचा पेपर ओढला. मीही माझा पेपर ओढला.

त्या दिवशी सरांना काढलं तेव्हा मी तिथं होते. जास्त सांगत न्हाई, लेक पुढं बसलीय. एवढंच सांगते. दगड लागलेला न्हवता.

तुम्ही म्हणाल, मास्तरांना एवढं कळत होतं तर स्वतःच्या घराचं कामून केलं न्हाई? मला तर हे तोंडावर विचारलंय लोकांनी, अंत्यविधीच्या दिवशीच. केलं होतं. विसरलात का? एका उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी आपल्या तिन्ही खोल्यांवरची माती उतरवली. एकट्यानं, डोक्याला टॉवेल गुंडाळून. थोडीच ठेवली आणि तिच्यावर ताडपत्री बांधली. पहिल्याच वादळी पावसात ताडपत्री उडून लिंबाच्या झाडावर जाऊन बसली. घर ठिकठिकाणी गळायला लागलं. शांताअक्कांनी घागरीपासून वाटीपर्यंत सगळी भांडी जमिनीवर मांडली.

आणि तुम्ही आलात. कुणी बोलावलं न्हवतं. भर पावसात, टोपल्या घेऊन, हसत. 'मास्तर, भूगोल भिजला का?' मी त्या दिवशी तिथं होते, साखर मागायला गेले होते. सर अंगणात छत्री धरून उभे. त्यांच्या डोळ्यांदेखत माती परत वर चाललीय. मी म्हटलं, सर, नको म्हणा की. ते म्हणाले, 'बाई, रामण्णाच्या कमरेत उसण भरलीय, तरी तो टोपली घेऊन आलाय. त्याला मी नको कसं म्हणू?' मी म्हटलं, तोंडानं म्हणा. ते हसले. आत गेले आणि चहाची किटली घेऊन आले.

तेव्हापासून त्यांनी माती उतरवली न्हाई. वर्गात शिकवत राहिले. दरसाल त्यांच्या डोक्यावर तुमची माया चढत राहिली.

लक्ष्मणअण्णा, आता तुमच्याविषयी बोलते. राग आला तर येऊ द्या, पण उठून जाऊ नका. घर दोघा भावांचं, वडलांच्या वेळचं, तुम्ही वेगळे राहत असलात तरी. ताडपत्री उडाल्यापासून सर तुम्हाला दर शिमग्यानंतर विचारायचे, अण्णा, माती उतरवू या का, मला माहीत आहे, कारण उत्तर मला दुसऱ्या दिवशी ऐकायला मिळायचं. 'बीरू, ही माती आपल्या बापानं डोक्यावर वाहून आणली. ती मी उकिरड्यावर टाकू का?' आणि सर म्हणायचे, 'बापानं डोक्यावर वाहिली ते झालं अण्णा, तू कामून डोक्यावरच ठेवायलास?' मग दोन दिवस तुमचं बोलणं बंद. तिसऱ्या दिवशी तुम्ही दुधाचा तांब्या पाठवायचात.

मी हे तुम्हाला बोल लावायला सांगत न्हाई. स्वतः शाळा सोडून, मेंढरं राखून धाकट्या भावाला भालकीला शिकायला ठेवणारा माणूस आहे हा. भावानं पहिल्या पगारातून शर्ट घेतला तो यांच्या अंगावर अजून लग्नाकार्यात दिसतो. त्या दिवशी ढिगारा उपसताना यांच्या बोटांची नखं निघाली, मी डोळ्यांनी पाहिलंय. कुणी जर म्हणत असेल की भावानं भावाला मारलं, तर त्यानं माझ्याशी येऊन बोलावं, मी त्याला नीट समजावते.

भावानं न्हाई मारलं. गावानं न्हाई मारलं. वैर कुणाचंच न्हवतं. हेच तर मला सहन होईना. वैरी असता तर मी आज त्याचं नाव घेऊन मोकळी झाले असते.

आता परवाचं ऐका. सरांना माती दिल्यावर दोन दिवसांनी मी सांत्वनाला गेले. पाऊस परत सुरू झाला होता, बारीक. वळणावरूनच माळवद दिसलं. मागच्या दोन खोल्यांचं. पांढरं स्वच्छ. काठावर थापी मारल्याच्या खुणा. ताजी माती होती.

पडलेल्या खोलीच्या बाजूनं आत पाणी यायलं होतं, म्हणून तुम्ही उरलेल्या छतावर नवीन माती टाकलीत. सुतकाचं घर, घरात पुरुष न्हाई, बाई आणि पोर भिजायलेत, कसं बघवेल आपल्याला? बघवलं न्हाई म्हणून गेलात. कुणाच्याही सांगण्याशिवाय गेलात. या वेळी चहासुद्धा तुम्हीच नेलात, त्यांच्या घरी चूल पेटलेली न्हवती म्हणून. असं गाव मिळायला भाग्य लागतं. मी मनापासून बोलायलेय, टोमणा न्हाई.

पण अण्णांनो, त्या भिंती झडीच्या पाण्यानं फुगल्यात. त्यांच्यावर पिढ्यांची ओली माती आहे. एक बाजू आधीच मोकळी झालीय, टेकायला काही उरलं न्हाई. आणि आपण त्यावर अजून टोपल्या चढवल्या. ज्यानं सर गेले, तेच आपण परत केलं. सरांना माती देऊन दोन दिवस झाले न झाले तोवर केलं. आणि खाली त्यांची बायको आणि लेक.

मला त्या वळणावर उभं राहवेना. ओरडावंसं वाटलं. मला ओरडायची सवय आहे. पण ओरडू कुणावर? रामण्णा समोरून टोपली घेऊन परत यायला होता, कमरेवर हात धरून. मला बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, 'बाई, मास्तरांसाठी एवढं तरी.'

मी आत गेले. शांताअक्का बसल्या होत्या, छताकडं बघत. मी शेजारी बसले. त्यांचं बोलणं मी त्यांच्याच शब्दांत सांगते, त्यांना विचारून सांगते. म्हणाल्या, 'बाई, मला इथं डोळ्याला डोळा लागंना. वर बघत पडते. भिंतीतनं जरा माती सुटली की रेवती उठून बसती. म्हणती, आई, आपण देवळात जाऊन झोपू. पण मी कुठल्या तोंडानं बोलू? माणसं आमच्यासाठी पावसात राबली. मी नको म्हटलं तर म्हणतील, नवरा गेला आणि हिला गाव नकोसं झालं.'

मी म्हटलं, लक्ष्मणअण्णांना सांगा. तर म्हणाल्या, 'भाऊजी दिवसभर त्या ढिगाऱ्यावर बसून राहायलेत. त्यांना मी काय सांगू? तुम्ही बोला. तुम्हाला लोक तसंबी भांडकुदळच म्हणतात.'

व्हय, म्हणतात. म्हणून मी बोलायलेय.

कुणी मनात म्हणत असेल, बाईंचं घर स्लॅबचं, यांना बोलायला काय जातंय. खरं आहे. माझ्या डोक्यावर स्लॅब आहे, म्हणून मला रात्री झोप येते, म्हणून मला दिवसा बोलायची ताकद आहे. शांताअक्कांना ती न्हाई. ज्याच्या डोक्यावर माती असते तो माणूस हळू बोलतो, हे मी या आठवड्यात शिकले.

आज सकाळी मी सय्यद गवंड्यांना नेऊन घर दाखवलं. त्यांनी भिंतीला हात लावला आणि म्हणाले, बाई, बाहेर चला, आधी बाहेर चला. मग अंगणात उभं राहून सांगितलं ते असं. आज त्या छतावर एकाही माणसानं चढायचं न्हाई. उद्या सकाळी ते आतून लाकडी टेकू लावतील. ते लागेपर्यंत कुणी आत जायचं न्हाई. मग बाजूनं शिड्या लावून, कडेकडेनं, थोडी थोडी माती खाली ओढायची. घाई करायची न्हाई. आधी नवी, मग जुनी. दिवस लागतील. घर मोकळं झालं की वर पत्रे टाकता येतील. पत्रा तापतो, व्हय. पावसात वाजतो. वाजू दे.

शांताअक्का, रेवती, तुम्ही दोघी आज इथून परत त्या घरात जायचं न्हाई. माझ्याकडं यायचं. मी विचारत न्हाई, सांगायलेय. कपडे मी सकाळीच मागवून घेतलेत. घर रिकामं भिजलं तर भिजू दे, पडलं तर पडू दे. रिकामं घर पडलं तर त्याला भूगोलात आपत्ती म्हणत न्हाईत.

आणि आता तुमच्याकडं मागणं आहे. आळीतल्या सगळ्यांकडं. रामण्णा, तुमच्याकडंही.

शांताअक्का नको म्हणू शकत न्हाईत. सरांनाही कधी म्हणता आलं न्हाई. जन्मभर भूगोल शिकवणारा माणूस, पण दारात आलेल्या टोपलीपुढं त्याचं तोंड उघडलं न्हाई. आपण त्यांच्यासाठी नको म्हणायला जागाच ठेवली न्हवती. घेणाऱ्याला नको म्हणता येत न्हाई. पण देणाऱ्याला परत मागता येतं ना? त्यात त्यांचा अपमान न्हाई, तुमचाही न्हाई. तुम्ही दिली होती, तुम्ही परत न्यायची. म्हणून उद्या सकाळी प्रत्येकानं आपली टोपली घेऊन यायचं. रिकामी. आणि आपण टाकलेली माती भरून आपल्या हातानं परत पांढरीवर नेऊन टाकायची. उकिरड्यावर न्हाई, लक्ष्मणअण्णा. जिथून तुमच्या वडलांनी आणली तिथंच. तुम्ही पुढं व्हायचं. तुम्ही पहिली टोपली उचलली न्हाई तर गावात दुसरा कुणी उचलणार न्हाई, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

लक्ष्मणअण्णा व्हय म्हणून मान हलवायलेत. मागच्यांना दिसलं नसेल, म्हणून सांगितलं.

त्यांना रडू द्या. कुणी त्यांना गप करू नका.

सरांच्या नावानं शाळेत बक्षीस ठेवावं, असं मघाशी दोघांनी सुचवलं. ठेवा. फोटो लावायचा म्हणता, लावा. मला त्यात बोलायचं न्हाई. मी उद्या टोपल्या मोजणार आहे.

आता उभे राहा. पोरांनो, तुम्हीही नीट उभे राहा. हातातले फोन खिशात घाला. शांताअक्का, तुम्ही बसून राहिलात तरी चालेल.

बीरप्पा सर, मी महादेवी, तुमच्या शेजारच्या टेबलावरची. सगळ्या गावासमोर तुम्हाला हात जोडते.

दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. बोलायचं ते सगळं त्यांचं बोलून झालेलं आहे.